बँजोची बादली

रेलिन नाश्त्याच्या गाडीसमोर रांगेत उभी राहिलेली दिसली, तशी नेल्डा प्रुइटने आपल्या घोड्याची, बँजोची, निळी बादली उचलली आणि पलीकडच्या तबेल्याची वाट धरली. चाल मुद्दाम सावकाश ठेवली. पिकलेले केस, मोडून सांधलेलं कमरेचं हाड, हातात पाण्याची बादली. ओक्लाहोमातल्या या शर्यतीच्या मैदानावर अशा बाईकडे कोण बघतंय? हातात बादली असली की तबेल्यात कुणी कुणाला ‘कुठे चाललात’ असं विचारत नाही.

कोपऱ्यातल्या ठाणाच्या दारावर रेलिनने आपल्या घोडीच्या नावाची गुलाबी पाटी टांगली होती. ‘प्लमी’, आणि दोन्ही बाजूंना चमकीचे तारे. ती पाटी दिसली की नेल्डाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. प्लम. एवढंच नाव होतं. घरामागे वाळूच्या टेकाडावर रानटी प्लमची झुडपं आहेत, त्यांच्या आडोशाला ही घोडी जन्मली तेव्हा नेल्डा कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी तिथेच मांडी घालून बसली होती. नाव तिनेच ठेवलं होतं. प्लमी म्हणे! घोडी आहे की टूथपेस्ट?

“काय गं बाई,” नेल्डा कुजबुजली.

घोडीचे आधी कान वळले, मग मान, मग ती सगळीच वळली. सळ्यांतून नाक बाहेर काढून तिने नेल्डाच्या तोंडाशी नाकपुड्या फुलवल्या. घोडे एकमेकांची विचारपूस अशीच करतात, श्वासात श्वास सोडून. नेल्डाने तिच्या नाकपुडीत हलकी फुंकर घातली आणि बादली वर धरली. प्लमने तोंड बुडवलं. प्रत्येक घोटाला तिचे कान मागेपुढे हलत होते. बादलीचा तळ दिसेपर्यंत ती थांबली नाही.

शेजारच्याच खुंटीला रेलिनची बादली भरलेली होती. त्यात सफरचंदाचा रस घातल्याचा वास येत होता. पाणी जेमतेम दोन बोटं कमी झालं होतं.

नेल्डाला त्या दोन बोटांचासुद्धा हेवा वाटला.

प्लमला परकं पाणी चालत नाही. तिचं तोंड लहानपणापासून घरच्या पवनचक्कीच्या पाण्याला लागलेलं, किंचित खारट, लोखंडाचा वास असलेलं. गावोगावच्या नळाला क्लोरीन असतं. ते हुंगून ती मान फिरवते. म्हणून नेल्डा शर्यतीला जाताना घरच्या पाण्याचे कॅन भरून न्यायची. घोडीवरून पडून कंबर मोडली आणि डॉक्टरांनी वर्षभर खोगिराला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ऐन उमेदीतली घोडी नुसती उभी ठेवणं पाप म्हणून तिने प्लम रेलिनच्या वडिलांना विकली. कोणीही तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. देताना तिने सगळं सांगितलं: नाल कोण ठोकतो, कुठला लगाम तोंडाला टोचतो, शर्यतीत मैदानावर मांडलेल्या तीन पिंपांना भरधाव वळसे घालताना दुसऱ्या पिंपापाशी तिचा डावा खांदा कसा झुकतो. फक्त पाण्याचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं, असं ती स्वतःला सांगत असे.

आता हाड जुळलं होतं आणि नेल्डा पुन्हा शर्यतीत उतरत होती, पण बँजोवर. बँजो म्हणजे खच्ची केलेला, भल्या स्वभावाचा, मठ्ठ घोडा. तो तीन पिंपांना वळसे असे घालायचा की जणू पिंपांची चौकशी करतोय. बँजो डबक्यातलंसुद्धा पाणी प्यायचा. निघताना नवऱ्याने, गसने, ट्रेलरमध्ये घरच्या पाण्याचे कॅन चढवता चढवता विचारलं होतं, “याला गटाराचं पाणी गोड लागतं. हे एवढं कुणासाठी?”

“सवय आहे,” नेल्डा म्हणाली होती.

गसने पुढे विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात कुठे विचारायचं नाही हे त्याला चांगलं कळलं होतं.

*

पहिल्या फेरीत रेलिन आणि प्लम सगळ्यांच्या पुढे होत्या. नेल्डाने ती दौड कठड्याला टेकून पाहिली. घोडी तिसऱ्या पिंपावरून वळली आणि रेलिनने लगाम सैल सोडून अंग तिच्या मानेवर झोकून दिलं, तेव्हा सगळं मैदान ओरडलं. नेल्डा ओरडली नाही. ती बघत होती की पोरीने घोडीचा डावा खांदा सावरायला आपला पाय वेळेवर लावला का. लावला होता. अगदी वेळेवर. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

बाहेर येताच घोडीने डोकं रेलिनच्या छातीवर घासलं. ते मात्र नेल्डाला बघवलं नाही. ती बँजोकडे गेली. बँजोने आपलं ओलं नाक तिच्या बाहीला पुसलं.

“नाक गळतंय याचं,” गस म्हणाला.

“वारा बघ केवढा आहे. लाल माती उडतेय. माझंही गळतंय.”

“निघायच्या दिवशी ओटसुद्धा टाकले होते त्याने.”

“पेस्ट दिली की मी. आज सकाळीही दिलीय.”

या लोकांत लांबच्या प्रवासाआधी घोड्याच्या तोंडात दुखण्यावरची पेस्ट पिळायची पद्धत आहे. ट्रेलरमध्ये तासन्‌तास उभं राहून पाय आखडतात, अंग दुखतं. आपण प्रवासाला निघताना पोरांना आवळासुपारी देतो तितक्या सहज इथे पेस्ट दिली जाते. ती देण्याआधी थर्मामीटर लावायला हवा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी लावत नाही. त्या सकाळी बँजोचे कान गरम लागले होते. ऊन असेल, असं नेल्डाला वाटलं होतं. तिचं अर्धं लक्ष कॅनवर होतं.

*

बातमी अंतिम फेरीच्या दिवशी आली, जेवणाच्या वेळी. मांडवाखाली बायका भाजलेलं मांस आणि कोबीची कोशिंबीर घेऊन बसल्या होत्या. पेग नावाची एक जाडजूड बाई फोन कानाला लावूनच आत आली आणि म्हणाली, “मागच्या आठवड्यातल्या शर्यतीतला तो राखाडी घोडा आठवतो का? बसलाय. मागचे पाय गेले. आज सकाळी इंजेक्शन देऊन त्याला कायमचं झोपवलं.”

काटे खाली ठेवले गेले.

नेल्डाला राखाडी घोडा चांगला आठवत होता. त्या शर्यतीत बँजोचं ठाण त्याच्या शेजारी होतं. दोघं सळ्यांतून एकमेकांचं नाक हुंगत बसायचे.

जनावरांच्या डॉक्टर हॅरेल मैदानावरच होत्या. उंच, उन्हाने रापलेल्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना मांडवात गोळा केलं.

“घोड्यांचा हर्पिस आहे,” त्या म्हणाल्या. “माणसांना नागीण होते ना, त्याच घराण्यातला. बहुतेक घोड्यांना शिंगरू असतानाच होऊन जातो आणि मग आयुष्यभर नसांच्या मुळाशी झोपून राहतो. प्रवास, गर्दी, ताण, काहीतरी होतं आणि तो जागा होतो. एका घोड्याला नुसती सर्दी होते. दुसऱ्याच्या पाठीच्या कण्यात शिरतो. कुणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही.”

“लस टोचलीय आम्ही!” पेग म्हणाली.

“सर्दीला उपयोग होतो. कण्याच्या दुखण्याची हमी कुठलीच लस देत नाही.”

“पसरतो कसा? हवेतून?”

“जवळून, शिंकेतून. पण जास्त करून नाकातोंडाच्या ओलाव्यातून. नाकाला नाक, हात, बाह्या, बादल्या.” डॉक्टर थांबल्या. “आधी ताप येतो. ताप आला त्याच दिवशी औषध सुरू केलं तर बरीच जनावरं वाचतात. अंगात ताप असताना पळवलेलं जनावर मात्र मी वाचलेलं फारसं पाहिलेलं नाही. आत्ता सगळ्यांचे ताप घेऊ. ज्यांचा नॉर्मल असेल त्यांनी आपापल्या जबाबदारीवर दुपारी पळावं.”

मैदानातला एक माणूस थर्मामीटर घेऊन ठाणोठाणी फिरला. बँजोचा ताप नॉर्मल निघाला. “शाब्बास रे गड्या,” म्हणून तो पुढे गेला.

नेल्डा तिथेच उभी राहिली. सकाळी तिने बँजोला पेस्ट दिली होती. ती पेस्ट दुखणं जसं झाकते तसा तापही झाकते. थर्मामीटर खोटं बोलला नव्हता. त्याच्यासमोर खोटं उभं केलं होतं ते नेल्डानेच.

आणि मग तिला निळी बादली आठवली.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला भीती वाटली नाही. पहिल्या क्षणी पोटात काहीतरी ऊबदार पसरलं. मी बोलले तर रेलिन आज पळणार नाही. जिंकणारीला देतात तो पट्टा मिळणार नाही, फोटो निघणार नाही, भोंग्यावरून नाव पुकारलं जाणार नाही. हा विचार इतका गोड होता की तो संपेपर्यंत तिने त्याला अडवलं नाही. भीती त्याच्यामागून आली. त्या गोडीचीच भीती आधी, मग घोडीची.

गस ट्रेलरच्या पायरीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. बादलीचंसुद्धा.

तो बराच वेळ टरफलं थुंकत राहिला. “म्हणजे रोज?”

“रोज. दोनदा.”

“जा आणि सांग तिला.”

“कोण विश्वास ठेवणार आहे, गस? बँजोला ताप नाही. तिच्या घोडीला ताप नाही. अख्ख्या ओक्लाहोमाला माहितीये की मी त्या पोरीवर जळते.”

“जळतेस का?”

“हो.”

“मग तेही सांग. त्याशिवाय बाकीचं खरं वाटायचं नाही.”

“तुला बोलायला काय जातंय?”

“माझं काहीच जात नाही,” गस म्हणाला. “घोडीचे पाय जातील.”

*

रेलिन प्लमच्या पायांना पट्ट्या गुंडाळत होती. तोंडात दोन सेफ्टी पिना धरलेल्या, वेणी कॉलरमध्ये खोचलेली. नेल्डा ठाणापासून चार हात लांब थांबली. एरवी ती एवढ्या लांब थांबत नसे. ते घोडीलाही विचित्र वाटलं असावं. ती मान ताणून खिंकाळली.

“मिस नेल्डा!” रेलिन पिना काढून हसली. इकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, ‘मिस’च म्हणतात. “तुम्हाला बघितलं की ही कशी करते बघा. या ना.”

“मी लांबच बरी. रेलिन, आज हिला पळवू नकोस.”

पोरीचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला ओलावा गेला. “का?”

“बँजो त्या राखाडी घोड्याच्या शेजारी होता.”

“बँजोचा ताप आत्ताच घेतला. नॉर्मल आहे, मी विचारलं. हिचाही नॉर्मल आहे.”

“मी सकाळी पेस्ट दिलीय त्याला. रोज देतेय. निघताना त्याचे कान गरम होते.”

“बरं. मग बँजोला पळवू नका.” रेलिनने पट्टीचा पुढचा वेढा दिला. “बँजो त्या तबेल्यात, ही या तबेल्यात. मध्ये एवढी मोकळी जागा आहे. तुमच्या घोड्याचा माझ्या घोडीशी काय संबंध?”

नेल्डाने बुटाच्या टोकाने पायाखालची माती सारखी केली.

“तुम्हाला एक सांगू का, मिस नेल्डा? बाबा म्हणाले होते. म्हणाले, ती बाई आज ना उद्या काहीतरी घेऊन येईल. घोडी विकली तरी तिच्या मनाने विकलेली नाही. मी म्हटलं, नाही हो बाबा, त्या चांगल्या आहेत.” तिने पट्टी इतकी जोरात ओढली की घोडीने पाय उचलला. “सॉरी, प्लमी. सॉरी बाळा.”

“प्लमी म्हणू नकोस तिला!” नेल्डाच्या तोंडून निघून गेलं.

“बघा,” रेलिन शांतपणे म्हणाली. “आलं बाहेर.”

तिथून निघून जाणं किती सोपं होतं. सांगायचं ते सांगून झालं होतं, तिने ऐकलं नाही, माझा काय दोष? नेल्डा वळलीसुद्धा. तेवढ्यात तिची नजर खुंटीवरच्या बादलीवर गेली. पाणी तेवढंच होतं, वर गवताची काडी तरंगत होती.

“हिने आज पाणी प्यायलं का?” तिने विचारलं.

रेलिनचे हात थांबले. “नाही. फारसं नाही. इथे आल्यापासून पीत नाहीये. काल डॉक्टरना बोलावलं होतं, मला वाटलं पोटशूळ होईल. त्यांनी मानेची कातडी ओढून पाहिली, हिरड्या पाहिल्या. म्हणाल्या, हिच्या अंगात पाणी भरपूर आहे, ही कुठून तरी पितेय. मी म्हटलं, कुठून पिणार? मी तर हिच्यापाशीच...” ती थांबली. तिने वर पाहिलं.

“तू नाश्त्याला गेलीस की मी येते,” नेल्डा म्हणाली. “आणि संध्याकाळी तू आंघोळीला जातेस तेव्हा. घरचं पाणी आणते. तिला तेच लागतं. लहानपणापासून. तुला सांगितलं नाही मी.”

“कशातून आणता?”

“बँजोच्या बादलीतून.”

तबेल्यात कुणीतरी रेडिओ लावला होता, त्यावर हवामान सांगत होते. रेलिन उठून उभी राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग मानेपासून वर लाल होत गेला.

“मी रात्रभर इथे गवताच्या गंजीवर झोपले,” ती म्हणाली. “तिच्या पोटाला कान लावून. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. सफरचंदाचा रस, गाजराचा रस, मीठ... आणि तुम्ही... माझ्यासमोर का नाही दिलंत? मी नको म्हटलं असतं का?”

“तुझ्यासमोर दिलं असतं तर ती तुझ्याही हातून प्यायली असती.”

हे वाक्य बोलून झाल्यावर नेल्डाला अंगावरचे कपडे काढून दिल्यासारखं वाटलं. रेलिन तिच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि नुकत्याच बांधलेल्या पट्ट्या सोडायला लागली. एक गाठ सुटेना, तेव्हा ती दातांनी ओढली.

“डॉक्टर हॅरेलना बोलवा,” ती मान वर न करता म्हणाली. “आणि तुम्ही इथून जा. आत्ता. हात धुवा आणि परत या तबेल्यात पाऊल टाकू नका.”

*

दुपारी भोंग्यावरून रेलिनचं नाव तीनदा पुकारलं गेलं आणि फाटकातून कुणीच आलं नाही. पट्टा पेगच्या भाचीला मिळाला. मांडवात कुणीतरी म्हणालं, “नेल्डाने बरोबर वेळ साधली,” आणि कुणीतरी हसलं. संध्याकाळी पेस्टचा अंमल उतरला आणि बँजोचा ताप चढला, तेव्हा हसणं बंद झालं. मग शिव्या सुरू झाल्या. मैदानाचं फाटक लागलं. तिथे असलेला एकही घोडा घरी जाणार नव्हता आणि त्याचं कारण सगळ्यांना नावानिशी माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी प्लमला ताप आला. औषध आधीच सुरू होतं. माणसांना नागिणीवर देतात त्याच गोळ्या, पण ओंजळभर, कुटून, उसाच्या काकवीत कालवून. दोन्ही तबेल्यांच्या मधे पिवळा दोर बांधला गेला. आजाऱ्याला हात लावणाऱ्याने दुसऱ्या जनावराकडे जायचं नाही, हा नियम. बँजोची सेवा नेल्डाकडे होती. म्हणजे दोराच्या अलीकडे नेल्डा, पलीकडे प्लम.

गसने घरी फेरी मारून नव्या कोऱ्या कॅनांतून पाणी आणलं आणि दोराखालून पलीकडे सरकवलं. रेलिनने काही न बोलता ते आपल्या बादलीत ओतलं. प्लम प्यायली. नेल्डाने ते लांबून पाहिलं. तिला हवं तेच घडत होतं आणि ते बघताना कुणीतरी तिची वस्तू तिच्याच हातून काढून घ्यावी तसं तिला वाटत होतं.

ताप उतरला आणि मग मागचे पाय डळमळायला लागले. हे दुखणं असंच येतं, ताप गेला म्हणून हुश्श करावं तेव्हा. प्लमची शेपूट दोरीसारखी लोंबायला लागली. एका सकाळी ती ठाणाबाहेर उभी असताना मागचा भाग नशेत असल्यासारखा एका बाजूला सरकला.

“डावीकडे!” नेल्डा दोरापाशी धावत ओरडली. “डावीकडे जा, ती डावीकडे झुकते! शेपूट धर, शेपटीने तोल दे!”

“दिसतंय मला!” रेलिनही ओरडली. तिने तोवर डावा खांदा घोडीच्या मांडीला लावला होता आणि दोन्ही हातांनी शेपूट धरून मागे ओढत होती. पाय मातीत रुतले होते, वेणी सुटली होती. घोडी थरथरली, पण बसली नाही. बसलेला घोडा बहुधा उठत नाही, हे त्या दोघींनाही माहीत होतं. प्लमने मान वळवली आणि हनुवटी रेलिनच्या पाठीवर टेकवली, पूर्ण वजन टाकून.

नेल्डाच्या मुठीत पिवळा दोर होता. तिने तो इतका घट्ट धरला की दुसऱ्या टोकाचा खांब हलला. तिला घोडी उभी राहायला हवी होती. आणि ती त्या पाठीवर टेकलेली नको होती. दोन्ही एकाच वेळी, एकाच ताकदीने.

मागे बँजो शिंकला. त्याचा ताप केव्हाच गेला होता. त्याने बादलीभर ओट फस्त केले होते आणि आणखी मागत होता. त्याला फक्त सर्दी झाली होती.

*

फाटक उघडायच्या दिवशी डॉक्टर हॅरेलनी प्लमला चालवून पाहिलं. घोडी जगणार होती. चालणार होती, कुरणात हिंडणार होती. पण तीन पिंपांना भरधाव वळसे घालायचे दिवस संपले होते. मागचा उजवा पाय आता नेहमीच थोडा उशिरा येणार होता.

“आता पोरीचा बाप तिला ठेवून काय करेल?” गस ट्रेलरला कडी लावत म्हणाला. “विचारून बघ. घरी नेऊ.”

हा विचार नेल्डाच्या मनात कालच येऊन गेला होता. डॉक्टरनी नकारार्थी मान हलवण्याच्याही आधी. घोडी थोडी लंगडी राहिली तर, असा. तेव्हा तिने तो झटकला होता. आता गसच्या तोंडून तो साध्या, भल्या माणसाचा विचार होऊन समोर आला होता.

ती दोरापर्यंत गेली. दोर सोडायला अजून माणूस यायचा होता. रेलिन प्लमच्या आयाळीत अडकलेलं गवत काढत होती. ती वाळली होती, तिच्या कोपरांना खरचटलं होतं.

“तुझे बाबा तिचं काय करणार आहेत?” नेल्डाने विचारलं.

“बाबा विकणार होते. तुम्हालाच. आत्ताच फोनवर म्हणत होते.”

“मग?”

“मी नाही म्हटलं.”

“ती आता पळणार नाही, रेलिन.”

“माहितीये मला. मी तिथेच उभी होते ना, डॉक्टर सांगत होत्या तेव्हा.” तिने घोडीच्या कपाळावरचे केस बाजूला केले. “दुसरी घोडी बघीन पळायला. हिला आमच्या ओढ्याकाठच्या कुरणात ठेवणार.”

“पळणाऱ्या पोरी म्हाताऱ्या घोड्यांना सांभाळत नाहीत. मी पाहिलंय. एक वर्ष, दोन वर्षं, मग नवऱ्याच्या गावाला जातात.”

“तुम्ही मला काय पाहिलंय?” रेलिन म्हणाली. आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. मग तिने हातातलं गवत खाली टाकलं. “मिस नेल्डा, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“तिला तुम्ही घरी नेली असती आणि मी भेटायला आले असते, तर तुम्ही मला येऊ दिलं असतं?”

नेल्डाने उत्तर तयार केलं. अर्थात, का नाही, असं काहीतरी. ते जिभेपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. त्या पोरीसमोर आता खोटं बोलण्यात काही राम उरला नव्हता.

“नाही,” ती म्हणाली.

रेलिनने मान डोलावली. तिला धक्का बसला नव्हता. “मी येऊ देईन,” ती म्हणाली. “फोन करून यायचं. समोरच्या दाराने. आणि मी घरी असताना.”

तिने शिवी दिली असती तर नेल्डाला सोसलं असतं. तोंडावर पाणी फेकलं असतं तरी चाललं असतं. पण पंचविशी न गाठलेली ही पोर, हिच्याकडे द्यायला काहीतरी होतं, आणि बावन्नाव्या वर्षी आपण हात पसरून उभ्या आहोत, याने तिचा जीव नुसता जळला. नको म्हणावं आणि निघून जावं. गसने ट्रेलर सुरू केला होता.

प्लमने मान वर केली आणि नाकपुड्या फुलवल्या. मधे दोर होता, तो अजून कुणी सोडला नव्हता.

“दर रविवारी चालेल?” नेल्डाने विचारलं.

“रविवारी आमचं चर्च असतं. मग आजीकडे जेवण. सोमवारी या.”

“सोमवारी.”

ती परत निघाली. कंबर दुखत होती. बँजो ट्रेलरच्या झडपेतून तोंड बाहेर काढून वारा खात होता. गसने काय झालं ते विचारलं, तिने सांगितलं, आणि तो म्हणाला, “भली पोर आहे.” नेल्डाने दार ओढून घेतलं. गाडी लाल रस्त्याला लागली तरी ती मनातल्या मनात हिशेब करत होती: आठवड्याचे सहा दिवस त्या पोरीचे आणि एक आपला, आणि तोसुद्धा तिने दिलेला.